चढता वारा आणि आखडते शीड

वाऱ्याचा जोर वाढू लागला की चालत्या होडीवरचे शीड पूर्ण न उतरवता त्याचे क्षेत्रफळ तेवढे कमी करावे लागते. या कामाला शिडाच्या होड्यांवर ‘रीफ घेणे’ म्हणतात. या प्रकरणात त्यासाठी ‘शीड आखडणे’ असे म्हटले आहे. सफरीच्या आजच्या होड्या, म्हणजे ज्यांत राहण्या-झोपण्याची सोय असते आणि ज्यांतून दोन-चार माणसे दिवसचे दिवस समुद्रावर काढतात अशा दहा ते पंधरा मीटर लांबीच्या होड्या, हे काम पुष्कळदा डोलकाठीच्या पोटात शीड गुंडाळून घेणाऱ्या यंत्रणेकडून करून घेतात. ही यंत्रणा मोठ्या सोयीची आहे यात शंका नाही. परंतु शीड केव्हा आखडायचे हे ती सांगत नाही, आणि ते ठरवायला उशीर झाला तर जी यंत्रणा श्रम वाचवण्यासाठी बसवली तीच ऐन वेळी अडवणूक करते.

शीड का आखडावे लागते हे समजण्यासाठी वाऱ्याच्या दाबाचा एक नियम ध्यानात घ्यावा लागतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो; कारण दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समुद्रावर वाऱ्याचा वेग नॉटमध्ये मोजतात आणि एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. चाळीस चौरस मीटरचे मुख्य शीड वाऱ्यासमोर धरले तर १२ नॉट वाऱ्यात त्यावर ढोबळमानाने ९० किलो वजनाएवढा जोर येतो, १८ नॉटला तो दोनशे किलोंच्या पुढे जातो आणि २५ नॉटला चारशे किलोंच्या घरात पोहोचतो. शिडाचा आकार आणि त्याचा वाऱ्याशी असलेला कोन यांनुसार हे आकडे कमीजास्त होतात, पण त्यांचे आपसांतील प्रमाण बदलत नाही. १२ नॉटचा सुखद वारा आणि १८ नॉटचा जोरदार वारा यांत सहाच नॉटांचा फरक दिसतो, तरी शिडाच्या दृष्टीने तो सव्वादोन पटींचा फरक असतो.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नागपूरच्या मनीषनगरात राहणाऱ्या वाचकालाही हा नियम परका नाही. वैशाखातले वळवाचे वादळ वर्धा रोडच्या बाजूने घोंघावत आले की दिवसभराच्या वाऱ्यात निमूट उभे असलेले जाहिरातींचे फ्लेक्स पाच-दहा मिनिटांत फाटून लोंबू लागतात आणि ज्यांचे कापड फाटत नाही त्यांचे लोखंडी सांगाडेच वाकतात. फ्लेक्सला वारा वाढल्यावर लहान होता येत नाही. शिडाला येते, आणि होडीची सारी सुरक्षितता त्या लहान होता येण्यावर उभी आहे.

होडीच्या बाबतीत या जोराला आणखी एक बाजू असते. शिडावरचा जोर पाण्याच्या पातळीवर लागत नाही, तो कित्येक मीटर उंचीवर लागतो. त्यामुळे तो होडीला पुढे ढकलतो तसाच एका बाजूला कलवतोही. होडीच्या तळाशी असलेला शिशाचा किंवा लोखंडाचा जड पंखा, ज्याला कील म्हणतात, तो या कलण्याला विरोध करतो आणि होडीला आडवे सरकू देत नाही. कल वीस-पंचवीस अंशांच्या पलीकडे गेला की कीलची पाण्यावरची पकड सैल होते, सुकाणूचे पाते अर्धवट पाण्याबाहेर येऊ लागते, आणि होडी आपल्या मनाने वाऱ्याच्या दिशेला तोंड वळवू पाहते. सुकाणूवरच्या माणसाला तिला सरळ ठेवण्यासाठी सारखे जोर लावून सुकाणू वळवून धरावे लागते, आणि असे तिरके धरलेले सुकाणू पाण्यात अडथळ्यासारखे वागते. म्हणूनच फार शीड असलेली होडी दिसायला आवेशाने धावते, तिच्या कडेवरून फेसाळ पाणी उसळत असते, पण प्रत्यक्षात ती हळू चालते आणि बाजूला वाहवत जाते. त्याच वाऱ्यात शीड चौथ्या हिश्शाने कमी केले तर होडी ताठ उभी राहते, सुकाणू हलके होते आणि बहुतेक वेळा वेगही वाढतो. शीड आखडणे म्हणजे माघार घेणे, ही समजूत नवख्या खलाशांच्या मनात फार खोल रुजलेली असते. ती साफ चुकीची आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढत्या वाऱ्याचे हे प्रकरण ठराविक काळात जवळजवळ रोज घडते. पावसाळा सरल्यानंतर, विशेषतः जानेवारी ते एप्रिल या काळात, कोकण किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे मंदपणे वाहतात. सूर्य वर आला की जमीन तापते, मतलई वारा पडतो, काही काळ पाणी आरशासारखे स्थिर होते, आणि दुपारच्या सुमारास समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे सुरू होतात. दुपार उतरेपर्यंत त्यांचा जोर चढत जातो आणि त्यांची दिशा वायव्येकडे झुकते. सूर्यास्तानंतर ते हळूहळू ओसरतात. सकाळी मुंबईच्या बंदरातून निघालेल्या होडीने पूर्ण शिडे उभारलेली असतात, कारण तेव्हा वारा जेमतेम असतो. तीच होडी दुपारी खांदेरी-उंदेरी मागे टाकून मुरूड-जंजिऱ्याच्या समोर येते तेव्हा तिच्यावर सकाळचेच शीड असले तर ते आता गरजेपेक्षा बरेच जास्त झालेले असते.

मुंबईहून गोव्याकडे दक्षिणेला जाणाऱ्या होडीसाठी यात एक फसगत दडलेली आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. वायव्येचा वारा या होडीला मागून, उजव्या बाजूने लागतो. होडी स्वतःच वाऱ्याबरोबर पुढे जात असल्याने तिच्यावरच्या माणसांना आणि शिडाला जाणवणारा वारा प्रत्यक्ष वाऱ्यापेक्षा कमी असतो. समुद्रावर १८ नॉटचा वारा आणि होडीचा वेग साडेसहा नॉट असेल, तर होडीवर साधारण तेराच नॉट जाणवतात. ऊन छान असते, लाटा मागून हलकेच उचलतात, होडी सरळ उभी असते, आणि शीड कमी करावे असे कोणालाच वाटत नाही. परंतु शीड आखडायचे तर होडी वाऱ्याकडे वळवावी लागते. वळल्याबरोबर होडीचा वेग वाऱ्याच्या वेगातून वजा होण्याऐवजी त्यात मिळू लागतो. तेरा नॉटांचे बावीस होतात आणि शिडावरचा दाब काही सेकंदांत जवळजवळ तिप्पट होतो. मागून सौम्य वाटणाऱ्या लाटा आता नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, आदळू लागतात. जे काम दहा मिनिटांपूर्वी गप्पा मारत करता आले असते तेच आता भिजत, धडपडत, ओरडून बोलत करावे लागते. म्हणून दक्षिणेला जाताना अंगावर जाणवणाऱ्या वाऱ्यावर विसंबू नये; लाटांचे माथे पांढरे होऊ लागले आहेत का, हे पाहावे. पांढऱ्या फेसाचे घोडे समुद्रभर दिसू लागणे हे वारा १७ ते २१ नॉटांच्या पट्ट्यात, म्हणजे ब्युफर्टच्या मोजपट्टीवर पाचव्या पायरीवर, पोहोचल्याचे चिन्ह आहे आणि बहुतेक सफरी होड्यांसाठी पहिली आखडणी त्याआधीच व्हायला हवी.

या किनाऱ्यावरच्या जुन्या तांडेलांना, म्हणजे जहाज हाकणाऱ्या प्रमुखांना, हे सारे ठाऊक होते, मात्र त्यांची साधने निराळी होती. गलबते आणि मचवे यांवर तिरक्या लांब काठीला बांधलेले त्रिकोणी शीड असे. अरबी समुद्रातील या जातीच्या जहाजांवर वारा फार वाढला की ती काठी खाली घेऊन मोठे शीड सोडत आणि त्या जागी लहान शीड बांधून काठी पुन्हा चढवत. त्यासाठी कमीजास्त आकारांची शिडे जहाजावर ठेवलेली असत. हे काम अनेक हातांचे होते आणि व्यापारी जहाजावर तेवढे हात असतही. पण त्यांचा सर्वांत मोठा उपाय शिडात नव्हता, तो पंचांगात होता. नैर्ऋत्य मोसमी वारा सुरू होण्याआधी जहाजे ओढून किनाऱ्यावर किंवा खाडीत सुरक्षित ठेवायची आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून झाल्यावर पुन्हा पाण्यात उतरायचे, हा दंडक व्यापाऱ्यांनी पाळला, कोळ्यांनी पाळला आणि मराठ्यांच्या आरमारानेही पाळला. जो वारा शीड आखडूनही पेलणार नाही त्या वाऱ्यात शीड उभारायचेच नाही, एवढी स्पष्ट समज त्यामागे होती. इंजिने आणि हवामानाचे अंदाज हाती असलेल्या आजच्या होडीवाल्यांनाही तिचा विसर पडू नये.

आता गुंडाळत्या शिडाच्या यंत्रणेकडे वळता येईल. मुख्य शीड म्हणजे डोलकाठीच्या मागच्या बाजूस असणारे त्रिकोणी शीड. त्याची पुढची कड डोलकाठीला लागून उभी असते आणि तळाची कड बूम नावाच्या आडव्या काठीवर पसरलेली असते. डोलकाठीत गुंडाळणाऱ्या शिडाची कल्पना १९७० च्या दशकात अमेरिकेतील शीडनिर्माते टेड हुड यांनी बाजारात रुजवली आणि पुढे युरोपातील डोलकाठ्या बनवणाऱ्यांनी तिच्यात सुधारणा केल्या. या रचनेत डोलकाठी पोकळ असते आणि तिच्या मागच्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक उभी चीर असते. पोकळीच्या आत ॲल्युमिनियमचा एक उभा दांडा बसवलेला असतो, जो आपल्याच अक्षाभोवती फिरू शकतो. शिडाची पुढची कड या दांड्याच्या खाचेत ओवलेली असते. दांडा फिरवला की शीड चिरेतून आत ओढले जाऊन त्याच्याभोवती गुंडाळते. शिडाचा मागचा खालचा कोपरा बूमवर सरकणाऱ्या एका छोट्या गाडीला जोडलेला असतो आणि त्याला मागे ओढणाऱ्या दोराला आउटहॉल म्हणतात. म्हणजे दोन विरुद्ध दिशांच्या ओढी येथे काम करतात: आउटहॉल शीड बाहेर काढतो, गुंडाळणारा दोर ते आत घेतो. हे दोन्ही दोर कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या बसण्याच्या जागेत आणलेले असतात आणि विंच नावाच्या दंडगोल रहाटावर गुंडाळून ओढले जातात. काही होड्यांवर दोराऐवजी डोलकाठीच्या बुडाशी दातेरी चाकांची पेटी आणि फिरवण्याचा दांडा असतो. मोठ्या होड्यांवर विजेची मोटर असते.

या रचनेचा सर्वांत मोठा गुण असा की शीड किती कमी करायचे याला ठराविक पायऱ्या नसतात. जुन्या पद्धतीत शिडावर दोन किंवा तीन आडव्या रांगांत मजबूत कड्या शिवलेल्या असतात. शीड थोडे खाली उतरवून त्या रांगेपर्यंतचा भाग बूमवर दुमडून बांधायचा, अशी ती रीत असते. तिथे पहिली, दुसरी, तिसरी आखडणी असे टप्पे पडतात. गुंडाळत्या शिडात हवे तेवढे कापड आत घेता येते, कोणालाही कॉकपिट सोडून डोलकाठीपाशी जावे लागत नाही, आणि साठीतले जोडपेही चाळीस फुटी होडी निर्धास्त हाताळू शकते. याची किंमतही मोजावी लागते. आडव्या पट्ट्या घालून ताठ केलेले, मागे फुगीर कड असलेले शीड उभ्या दांड्यावर गुंडाळता येत नाही, म्हणून या शिडाची मागची कड आत वळलेली कापावी लागते आणि क्षेत्रफळ काही प्रमाणात घटते. गुंडाळलेले शीड खाली बूमवर न येता उंच डोलकाठीतच राहते, म्हणजे वजन नको तिथे, वर, साठते. आणि शीड अर्धवट अडकले तर ते खाली उतरवण्याची साधी वाट बंद झालेली असते. ही शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर आहे.

शीड अडकते ते बहुधा यंत्र बिघडल्यामुळे नव्हे. ते सैल गुंडाळल्यामुळे अडकते. डोलकाठीतली पोकळी शीड घट्ट गुंडाळले तरच पुरेल एवढी असते. कापडात सुरकुत्या आणि घड्या पडल्या की गुंडाळीचा घेर वाढतो, ती पोकळीच्या भिंतींना घासू लागते, आणि एखादी घडी चिरेच्या तोंडाशी दुहेरी होऊन अडकली की शीड ना आत जाते ना बाहेर येते. त्यामुळे आखडण्याच्या सगळ्या पद्धतीचा हेतू एकच असतो, तो म्हणजे कापड ताणलेले ठेवून सपाट आत जाऊ देणे.

मुरूडच्या समोर दुपारी एक वाजता हे काम कसे व्हावे ते पाहता येईल. निर्णय झाला की प्रथम पुढचे शीड, ज्याला जिनोआ म्हणतात, ते थोडे गुंडाळून घेतात, म्हणजे वळताना होडीवर एकदम भार येत नाही. काही जण इंजिनही मंद चालू ठेवतात. मग सुकाणूवरचा माणूस होडी उजवीकडे, खुल्या समुद्राच्या बाजूला वळवतो. गोव्याकडे जाताना हे वळण किनाऱ्यापासून दूर नेणारे असते, ही एक सोयीची गोष्ट आहे. होडी अगदी वाऱ्याच्या तोंडावर आणायची नसते, कारण मग शीड सैरभैर फडफडू लागते आणि कापडावर ताण राहत नाही. वारा तिरका, नाळेच्या बाजूने लागेल एवढेच वळायचे असते. दांडा शीड ज्या बाजूने गुंडाळतो त्यानुसार एका बाजूच्या वाऱ्यात कापड चिरेतून सरळ आत जाते आणि दुसऱ्या बाजूच्या वाऱ्यात चिरेच्या कडेवर दुमडून घासते. आपल्या होडीची सोयीची बाजू कोणती हे आधीच माहीत असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

यानंतर बूमला खाली धरून ठेवणारा दोर सैल करतात आणि बूम डोलकाठीशी काटकोनाच्या आसपास येईल असा उचलून धरतात. बूम खाली झुकलेला राहिला तर शिडाची मागची कड ताणली जाते आणि तळाची कड ढिली पडते. मग खालच्या भागात सुरकुत्यांचा गठ्ठा तयार होतो. बूम फार वर गेला तर याच्या उलट घडते. बूमला आत-बाहेर करणारा मुख्य दोर सैल सोडून शिडातला बराचसा वारा काढून टाकतात, पण थोडा राहू देतात. आता दोन माणसे दोन दोरांवर असतात. एक जण गुंडाळणारा दोर विंचवर घेऊन आत ओढतो. दुसरा आउटहॉल एकदम सोडून न देता विंचवर एक-दोन वेढे ठेवून हाताने जड धरत सोडतो. या दुसऱ्याचे काम साधे दिसते, पण गुंडाळी चांगली होणार की नाही हे त्याच्या तळहाताखालून सरकणाऱ्या दोरावर ठरते. त्याने दोर पटकन सोडला तर कापड ढिले होऊन आत जाईल; घट्टच धरून ठेवला तर ओढणाऱ्याचा दम निघेल आणि दांड्यावर अनावश्यक ताण पडेल. हात-दीड हात कापड आत गेले की थांबून वर पाहायचे असते: चिरेच्या तोंडाशी कापड सपाट आहे का, वरच्या टोकाला घडी पडत नाही ना. शिडाच्या तळाच्या कडेवर किंवा आउटहॉलच्या दोरावर रंगीत खुणा केलेल्या असतील तर पहिली आखडणी कुठवर, दुसरी कुठवर हे नजरेने ठरते आणि अंधारात ते हातानेही कळावे म्हणून खुणेजवळ दोऱ्याची जाड शिवण घालतात.

खूण आली की गुंडाळणारा दोर पक्का अडकवायचा आणि आउटहॉल पुन्हा जोराने ताणायचा. हे शेवटचे ताणणे पुष्कळ जण विसरतात. जोराच्या वाऱ्यात शीड सपाट हवे असते; ढिल्या कापडाचे पोट फुगते, आणि फुगीर शीड लहान असूनही होडीला पुन्हा कलवते. मग बूमचा दोर ताणून होडी मूळ दिशेला वळवायची आणि सुकाणू हातात कसे लागते ते पाहायचे. ते मधोमध, हलके लागत असेल तर शीड योग्य आहे. होडी अजूनही वाऱ्याकडे ओढत असेल तर मुख्य शीड आणखी आत घ्यायला हवे. ती वाऱ्यापासून दूर पळू पाहत असेल तर मुख्य शीड गरजेपेक्षा जास्त आखडले आहे किंवा पुढचे शीड जास्त आहे. दोन्ही शिडांचा तोल सांभाळत कमीजास्त करणे हे गणिताने शिकवता येत नाही, ते सुकाणूवरच्या हाताला हळूहळू येते.

विजेच्या मोटरबद्दल थोडे वेगळे सांगणे भाग आहे. हाताने विंच फिरवणाऱ्याला कापड अडले की लगेच जड लागते आणि तो थांबतो. मोटरला ते जाणवत नाही. बटण दाबलेले असेपर्यंत ती ओढत राहते, आणि एका घडीचा अडथळा फाटलेल्या कापडात किंवा वाकलेल्या दांड्यात बदलतो. म्हणून बटणावर बोट ठेवणाऱ्याची नजर शिडावरून हलता कामा नये. शीड अडकलेच तर जोर लावणे हा उपाय कधीच नसतो. विंचचा लांब दांडा आणि दोन माणसांचे बळ वापरले तर घडी आणखी घट्ट रुतते. ताण सोडून शीड थोडे बाहेर काढायचे, बूमचा कोन आणि होडीची दिशा बदलायची, पुन्हा हळू आत घ्यायचे, असे आत-बाहेर करत बहुतेक अडकणी सुटतात. डोलकाठी मागे वाकवणारा दोर फार ताणलेला असेल तर आतला दांडाही वाकतो आणि घासतो. तो सैल केल्यावर कित्येकदा शीड सहज फिरू लागते. याशिवाय जुने, ताणून पोट सुटलेले कापड हे अडकण्याचे फार मोठे कारण असते. उन्हाने आणि वापराने कापडाचा मूळ आकार गेला की ते कितीही काळजीने गुंडाळले तरी सपाट बसत नाही, आणि असे शीड बदलण्याचा खर्च टाळणे परवडत नाही.

या सोयीच्या बाजू आणि मर्यादा भारताच्या महासागरी सफरींच्या उदाहरणावरून नीट उमगतात. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून भारतीय नौदलाने ‘सागर परिक्रमा’ हा उपक्रम हाती घेतला आणि त्यासाठी गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस या बोटकारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधण्यात आली. तिचा आराखडा नेदरलँड्समधील व्हॅन डी स्टाट या संस्थेचा होता आणि २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलात दाखल झाली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी तिच्यातून एकटे मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली व केपटाउन अशा चार बंदरांवर थांबून मे २०१० मध्ये मुंबईला परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. याच होडीतून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघून मार्च २०१३ अखेर, कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. म्हादेईची पुढची शिडे गुंडाळती होती. मुख्य शीड मात्र दुमडून आखडण्याच्या जुन्या पद्धतीचे होते. एकट्या माणसाला कॉकपिट सोडून डोलकाठीपाशी जायला लावणारी पद्धत एकट्याच्याच होडीवर असावी हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते, पण तिच्यामागचा विचार पक्का आहे. दक्षिणेकडील महासागरात, मदतीपासून हजारो मैलांवर, दुमडते शीड अडले तर वरचा दोर सोडून ते खाली ओढता येते; डोलकाठीत अर्धे अडकलेले शीड वादळात तसेच फडफडत राहते.

म्हादेईची धाकटी बहीण म्हणता येईल अशी ‘तारिणी’ही दिवाडीलाच बांधली गेली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात तिच्यातून गोव्याहून निघून गोव्यालाच परत अशी प्रदक्षिणा केली, आणि २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघींनीच ती पुन्हा केली. दोघींच्या होडीवर एक झोपलेली असते तेव्हा दुसरी एकटीच असते, म्हणजे वारा चढू लागला की शीड आखडण्याचा निर्णय एकीला घ्यावा लागतो. अशा होडीवर अंधार पडण्यापूर्वीच रात्रीपुरते शीड कमी करून ठेवण्याची पद्धत जगभर आहे. त्यात वेगाचे थोडे नुकसान होते, परंतु मध्यरात्री झोपेतून उठून ओल्या डेकवर धावण्याची पाळी येत नाही.

यावरून कोकण किनाऱ्याच्या सफरीसाठी गुंडाळते मुख्य शीड वाईट ठरते असे मुळीच नाही. मुंबई-गोवा हा प्रवास सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांचा आहे, वाटेत जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग असे आसरे आहेत, आणि पावसाळा वगळता वारा कधी चढणार याचा अंदाज घड्याळ पाहूनही बांधता येतो. अशा पाण्यात, दोन-तीन माणसांच्या होडीवर, ही यंत्रणा उत्तम काम देते, मात्र ती वापरणाऱ्याने एक गोष्ट स्वीकारली पाहिजे: आखडणे सोपे आहे म्हणून ते नंतरही करता येईल, असे म्हणण्याची मुभा ही यंत्रणा देत नाही. हलक्या वाऱ्यात ती हळुवार फिरते, जोराच्या वाऱ्यात अडते. जी सोय वेळेत वापरली तरच सोय राहते, तिचे वेळापत्रक दुपारच्या वाऱ्याने ठरवू देणे धोक्याचे आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धात, मोसमी पाऊस जवळ आलेला असताना, तर आकाशात काळा ढग उभा राहिलेला दिसताच शीड निम्म्यावर आणून ठेवावे. त्या ढगाखालचा वारा घड्याळ पाळत नाही.

ज्या वाचकांना मांडव्याहून वा गोव्याहून अशा होडीवर जाण्याचा योग येईल त्यांनी निघण्याच्या दिवशी सकाळी, मतलई वारा पडून पाणी स्थिर असताना, शीड पूर्ण बाहेर काढून पहिल्या खुणेपर्यंत, मग दुसऱ्या खुणेपर्यंत आत घेऊन पाहावे, बूमचा कोन कुठे असला की कापड सपाट जाते ते दोरावर खूण करून ठेवावे, आणि होडीवरच्या प्रत्येकाला दोन्ही दोर एकदा तरी हाताळायला लावावेत. या कामाला अर्धा तास लागतो आणि तो त्याच सकाळी काढता येतो.